मशीन थांबल्यावर

त्या दोघी बहिणींना सगळा रस्ता ओळखायचा, पण नावाने नाही. थोरली ती ताई आणि धाकटी ती धाकटी. धाकटीला अठ्ठावन्न पूर्ण झाली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली धाकटीच. जन्माला उशिरा आल्याची शिक्षा माणसाने किती वर्षं भोगावी, याला काही मर्यादा?

दोघी घरातच शिवणकाम घ्यायच्या. ताईचं मशीन, धाकटीची सुई, अशी वाटणी. ताई पायमशीनवर टिपा मारायची, पँटी आखूड करायची, पडदे शिवायची, चेन बदलायची. धाकटी खिडकीशी बसून तुरपाई करायची, काजं करायची, बटणं लावायची. गिऱ्हाइकांशी बोलणं, बाजार, बँक, भांडणं हे सगळं ताईच्या खात्यात. धाकटीच्या वाट्याला फक्त मान खाली घालून करायचं काम आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटायचं. जगाशी बोलायला ताई होती ना.

तिसरी चिंधी. सात वर्षांपूर्वी जिन्याखाली ठेवलेल्या चिंध्यांच्या पोत्यात ती झोपलेली सापडली, मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू, म्हणून नाव चिंधी. धाकटी नको म्हणत होती. ताईने तिला उचलून वर आणलं, विषय संपला. तेव्हापासून चिंधीची जागा ठरलेली, मशीनच्या पायट्याशेजारी, ताईच्या पावलापासून वीतभर अंतरावर. पायटा दिवसभर खालीवर व्हायचा आणि ही त्या आवाजात घोरायची. संध्याकाळी सहाला मशीन थांबायचं. ताई कात्री खिळ्याला अडकवायची, चष्मा डबीत ठेवायची आणि म्हणायची, चल. चिंधी एका उडीत दाराशी. मग दोघी तासभर फिरून यायच्या आणि धाकटी तेवढ्यात स्वयंपाक आटपायची.

गेल्या हिवाळ्यात ताईला जिना चढताना धाप लागली. दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी सगळं संपलं. धाकटीला ते डॉक्टरांनी सांगितलं, भावाने, दादाने सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा पुन्हा सांगितलं. चिंधीला कोणीच सांगितलं नाही. तिच्या लेखी ताई जिना उतरून गेली होती, आणि जिना उतरून गेलेलं माणूस जिना चढून परत येतं.

म्हणून ती जिन्याकडे कान लावून बसली. पाऊल वाजलं की भुंकायची, दारावर पंजे मारायची, खोलीत गोल गोल धावायची, उशा फाडायची. गिऱ्हाईक आत आलं की अंगावर उडी, आणि ती आपली ताई नाही हे कळलं की आणखीच थयथयाट. धाकटी तिला संध्याकाळी फिरायला घेऊन गेली, तर हातात पिशवी घेतलेली प्रत्येक बाई बघून चिंधी ओढ घ्यायला लागली. तिसऱ्या दिवशी धाकटी रस्त्यावर आडवी झाली, गुडघा सोलून निघाला. मग सकाळी इमारतीभोवती एक फेरी, बस्स.

एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाचे पडदे राहिले होते, म्हणून धाकटी नाइलाजाने ताईच्या मशीनवर बसली. वाकडीतिकडी टीप घालत दोन हात पुढे गेली असेल नसेल, खाली बघते तर चिंधी. पायट्याशेजारी, वीतभर अंतरावर, डोळे मिटून. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत शांतता झाली होती, आणि तीही मशीनच्या खडखडाटात. धाकटीने पडदा संपवला आणि पाय थांबवला. चिंधी ताडकन उठली, दाराशी गेली, मागे वळून बघितलं, शेपटी हलवली. कोणी उठेना. कोणी चल म्हणेना. मग तिने जे घर डोक्यावर घेतलं ते अर्धा तास. शेवटी धाकटीने पावाचा तुकडा तिच्यापुढे टाकला आणि पुन्हा मशीन चालवायला घेतलं.

इथे ती चुकली. पण चुकली म्हणून तिला नावं ठेवायला जाऊ नका. तुम्ही-आम्ही काय वेगळं केलं असतं?

तेव्हापासून मशीन चालायचं. काम असो नसो. रिकामं मशीन चालवलं तर खालचे दात झिजतात, हे तेहतीस वर्षं ऐकून तिला पाठ होतं, म्हणून ती सुईखाली चिंध्या घालायची. एक चिंधी दुसरीला जोडायची, त्यावर तिसरी, मग त्यावरून उभ्या टिपा, आडव्या टिपा, दोरा संपला तर बिनदोऱ्याच्या टिपा. दुपारी चारपासून आठपर्यंत. पायाला गोळे यायचे. खिडकीशी तिची स्वतःची खुर्ची रिकामी असायची आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून ती बसायची. डोळे मिटले की नुसता मशीनचा आवाज, आणि तो आवाज म्हणजे ताई खोलीत आहे. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला म्हणा.

खाली मालकीणबाई राहायच्या. मनाने वाईट नाहीत, पण सहनशक्ती म्हणून काही असते. चार तास डोक्यावर मशीन आणि ते थांबलं की अर्धा तास कुत्रं, हे त्यांनी उन्हाळाभर सोसलं. मग एक दिवस वर आल्या आणि म्हणाल्या की धाकटे, तुझ्या दुःखाची मला कदर आहे, पण माझ्याही कानांची कोणीतरी करावी. महिनाअखेरपर्यंत कुत्री गप्प झाली नाही तर तिची दुसरीकडे सोय कर. धाकटीने दादाला कळवलं. दादा म्हणजे गावभर सल्ले वाटणारा माणूस, उंटावरून शेळ्या हाकायच्या त्याने. त्याने दुसऱ्याच दिवशी तोड काढली. त्याच्या ओळखीच्या एकाच्या गोदामाला राखणीला कुत्रं हवं होतं. मोकळी जागा, दोन वेळचं खाणं, साखळी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दादा स्वतः येऊन घेऊन जाणार.

धाकटी हो म्हणाली. दादाला नाही म्हणायचं काम आजवर ताईच करायची.

त्या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर जॅकेटची चेन बदलायला आला. चाळिशीचा, हातावर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. दारातूनच म्हणाला, "ताई, चेन बसवून मिळेल का?" ताई हा शब्द ऐकला मात्र, चिंधी त्याच्या छातीवर. धाकटीचा चेहरा बघून त्याला काय समजायचं ते समजलं असावं. त्यापुढे तो तिला मावशी म्हणायला लागला. चेनच्या पायी बाई एका क्षणात एक पिढी वर गेली.

तो मागे सरकला नाही, ओरडलाही नाही. झाडासारखा उभा राहिला आणि छताकडे बघत बसला. चिंधी दोनदा उडाली, तीनदा उडाली आणि कंटाळून खाली उतरली. मग धाकटीने मशीन सुरू केलं, चिंधी पायट्याशी आडवी झाली, धाकटीने मशीन थांबवलं, आणि सगळा तमाशा त्याने पहिल्या अंकापासून बघितला. हे मशीन आधी कोण चालवायचं, असं त्याने विचारलं. थांबलं की काय व्हायचं? धाकटीने सांगितलं. कात्री, चष्म्याची डबी, चल. 

कंपाउंडरने मशीनखालून ती टिपांवर टिपा घातलेली जाडजूड वस्तू उचलली. पुठ्ठ्यासारखी कडक, चौरंगाएवढी. हे काय म्हणून विचारलं. धाकटी लाजली. काही नाही, म्हणाली, पाय चालता ठेवायला.

"मावशी, हिला गप्प करू नका, हिला बसायला शिकवा," तो म्हणाला. "आणि आधी तुम्ही बसा."

मग त्याने रीत सांगितली. ही वस्तू मशीनपासून लांब, भिंतीशी टाकायची. हे तिचं बसकर. मशीन थोडा वेळ चालवायचं, थांबवायचं, आणि मग काही करायचं नाही. काही म्हणजे काहीच. रागवायचं नाही, चुचकारायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसायचं. तिला काय नाचायचं ते नाचू दे. ज्या क्षणी ती आपणहून त्या बसकरावर टेकेल, त्या क्षणी अंड्याचा छोटा तुकडा तिच्या पुढच्या पायांमध्ये ठेवायचा, गुपचूप. शाबास वगैरे नको, शाबास म्हटलं की ती पुन्हा उठणार. आतापर्यंत भुंकली की पाव मिळतो एवढंच ती शिकली आहे. आता तिला हे कळू दे की मशीन थांबतं आणि काहीही होत नाही. फिरायला न्यायचं ते दुपारी, मशीनशी संबंध नसलेल्या वेळी, दुसऱ्या रस्त्याने.

धाकटीला वाटलं, हे तर सोपं आहे. नुसतं बसायचं तर आहे.

करून बघा म्हणावं. पहिल्या दिवशी तिने मशीन थांबवलं, हात मांडीवर ठेवले आणि दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं की हे हात रिकामे ठेवून ती ताई गेल्यापासून एकदाही बसलेली नाही. चिंधी दारावर धडका देत होती. तिचं तरी बरं, तिला धडका देता येत होत्या. धाकटीला नळाची गळती ऐकू आली, घड्याळ ऐकू आलं, खालच्या रस्त्यावरून कोणीतरी हसत गेलं ते ऐकू आलं. ही खोली एवढी मोठी कधीपासून झाली, असं तिला वाटलं.  उठावं, पायट्यावर पाय ठेवावा आणि हे सगळं बुडवून टाकावं, असं तिला होत होतं. सव्वीस मिनिटांनी चिंधी दमून बसकरावर कोसळली. धाकटीने तुकडा तिच्या पायांमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी बावीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी उलट तीस, कारण ऐन वेळी जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली. चौथ्या दिवशी चिंधीने धाकटीची चप्पल फाडली आणि मग झोपली. सहाव्या दिवशी नऊ मिनिटं. दुपारच्या फिरण्यातही फरक पडला, नव्या रस्त्यावर पिशवीवाल्या बायका होत्या, पण चिंधीला तिथल्या खांबांमध्ये जास्त रस वाटू लागला. धाकटी दिवस मोजत होती. रविवारला बारा दिवस उरले होते.

आठव्या दिवशी मशीन थांबलं. चिंधीने मान वर केली, दाराकडे एक नजर टाकली, आणि ती उठलीच नाही. नाकातून एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी बसकरावर ठेवली. बस्स. एवढंच.

धाकटीने आनंदाने उडी मारायला हवी होती. तिने तुकडा मुठीतच धरून ठेवला. या घरात ताईची वाट बघणारे दोन जीव होते. संध्याकाळी सहा वाजता मशीन थांबलं की ताई उठेल, असं मानणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. ना दादा, ना मालकीणबाई, ना ती सगळी गिऱ्हाइकं. आणि ती स्वतः, आपल्या हाताने, अंड्याचे तुकडे टाकून, या मुक्या जिवाला शिकवत होती की कोणी उठणार नाही.

"एवढ्यात?" ती चिंधीला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिने तुकडा ठेवला नाही. तिने पायट्यावर पाय ठेवला आणि रागारागाने मशीन पळवलं, आठ वाजेपर्यंत. त्यानंतर चार दिवस तिने बसकर गुंडाळून कपाटात ठेवलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चिंधी पुन्हा दारावर धडका द्यायला लागली आणि धाकटीला, देवाशपथ, बरं वाटलं.

पाचव्या दिवशी कंपाउंडर जॅकेट न्यायला आला. चेन कधीचीच बसवून झाली होती. त्याने चिंधीकडे बघितलं, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि तो स्टुलावर बसला. धाकटीने काही लपवलं नाही. ती म्हणाली, "ही विसरली की मग मी एकटीच राहीन वाट बघायला."

त्याने चेन वरखाली करून बघितली. मग म्हणाला, "कुत्र्याच्या डोक्यात काय राहतं आणि काय जातं, हे मला माहीत नाही मावशी. मला एवढंच दिसतं की हिला झोप नाही, हिच्या बरगड्या दिसायला लागल्या आहेत. आणि गोदामात साखळीवर ही वाट बघणं काही सोडणार नाही. तिथे मशीनही नाही आणि तुम्हीही नाही."

तो गेल्यावर धाकटीने चिंधीच्या अंगावरून हात फिरवला. बरगड्या खरंच लागत होत्या. रोज बघणाऱ्याला दिसत नाही म्हणतात ते खोटं नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला सोबत हवी म्हणून आपण हिला रोज संध्याकाळी दारावर आपटू दिलं, हे तिने स्वतःला स्पष्ट शब्दांत ऐकवलं. मग कपाटातून बसकर काढलं आणि भिंतीशी अंथरलं. रविवारला पाच दिवस राहिले होते.

त्या पाच दिवसांत धाकटी दिवसातून आठ-आठ वेळा नुसती बसली. हात मांडीवर. कधी रडली, पण आवाज न करता, कारण आवाज केला की चिंधी उठायची. चौथ्या दिवशी तिने शेवटची परीक्षा घेतली. मशीन थांबवलं, कात्री खिळ्याला अडकवली, ताईची चष्म्याची डबी उघडून खट्कन मिटली. चिंधीच्या अंगावरून एक शहारा गेला. ती उठून उभी राहिली, थरथरत. धाकटीने भिंतीकडे बघितलं. तीन मिनिटं. मग मागे कापडावर अंग टेकल्याचा आवाज आला.

रविवारी संध्याकाळी दादा आला, हातात नवी कोरी दोरी. गोदामवाला खाली स्कूटरवर थांबला होता. मालकीणबाईही वर आल्या. साक्षीला, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण आल्या. धाकटीने कोणाला काही समजावलं नाही. तिने दार सताड उघडं ठेवलं, मशीनवर बसून एका पँटीचा पाय दुमडून टीप घातली आणि मशीन थांबवलं. कात्री खिळ्याला. डबी खट्. जिन्यावर नेमकी कोणाची तरी पावलं वाजली. चिंधीने एक कान उभा केला, उघड्या दाराकडे बघितलं, जांभई दिली आणि बसकरावर कूस बदलली.

दादाने हिला औषध-बिषध दिलंस काय, असं विचारलं. मालकीणबाई किती दिवस टिकतंय ते बघू म्हणाल्या, पण आवाज मऊ होता, आणि जाताना त्यांनी चिंधीच्या डोक्यावर दोन बोटं टेकवली. दादा दोरीचं काय करावं ते न सुचून तिची गुंडाळी करत बसला. दादा, ती कुठे जाणार नाही, असं धाकटीने सांगितलं. हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की दादाने हो म्हणून टाकलं. निघताना दारात थांबून तो म्हणाला, "तू राहशील ना गं नीट?" ती राहीन म्हणाली. त्याला हेच उत्तर हवं होतं, तो भराभर जिना उतरून गेला. सुटला बिचारा.

धाकटीने दार लावलं. पँटीची राहिलेली तुरपाई पूर्ण केली, सुई दोऱ्याच्या रिळात टोचली. मशीनवर कापड घातलं, नीट, चारही कोपरे ओढून. मग ती खिडकीशी, आपल्या खुर्चीत येऊन बसली. साडेसहा झाले होते. चिंधी भिंतीशी पडून होती, पोट सावकाश वरखाली होत होतं. कुत्री राहिली, मालकीणबाईंचे कान राहिले, खोली राहिली. मनासारखं झालं होतं सगळं.

ताई गेल्यापासून या घरात तिने एक गोष्ट मोठ्याने उच्चारली नव्हती. आता तिला वाटलं, दोघींनी मिळून हे एवढं शिकून घेतलं, तर एकदा म्हणून बघावं.

"ताई येणार नाही गं, चिंधे."

ताई हा शब्द ऐकताच चिंधीने मान उचलली. शेपटी बसकरावर एकदा आपटली. तिने दाराकडे बघितलं, धाकटीनेही बघितलं. जिना शांत होता. खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि पुढे गेलं.

थोड्या वेळाने चिंधीने नाकातून लांब श्वास सोडला आणि मान खाली ठेवली. धाकटी हात मांडीवर ठेवून अजून दाराकडेच बघत होती.